सायकल थांबली की दिवा का विझतो?

आमच्या घरी एक काळी सायकल होती. मागच्या चाकाशेजारी बाटलीच्या आकाराचा डायनामो. अंधार पडला की वडील त्याची कळ दाबायचे, डायनामोचं खाचाखाचांचं डोकं टायरला टेकायचं आणि घर्रघर्र आवाजासोबत पुढचा दिवा लागायचा. उतारावर लख्ख, चढावर मिणमिणता. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं आणि वडील एक पाय टेकून बोलायला थांबले, की गुडुप अंधार. कॅरियरवर बसल्या बसल्या मला एकच प्रश्न पडायचा. डायनामो तिथेच आहे, तार तिथेच आहे, दिवाही तोच. मग थांबल्यावर वीज जाते कुठे?

पुढे तोच डायनामो बिघडला तेव्हा उघडून पाहिला. आत निघालं काय, तर एक गोल चुंबक आणि त्याच्या भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. बॅटरी नाही, रसायन नाही. चुंबक आणि तार यांचा एकमेकांना स्पर्शसुद्धा नव्हता. सौर पॅनेलची वीज सोडली तर आपल्या घरात येणारी जवळजवळ सगळी वीज, मग ती कोयनेची असो की चंद्रपूरची, याच जोडीतून निघते. फक्त तिथे चुंबक अवाढव्य असतो आणि तो फिरवायला पाय नसतात, पाणी किंवा वाफ असते. म्हणून सायकलच्या दिव्याचं कोडं नीट सुटलं, की वीजघराचंही सुटतं.

अकरा वर्षांची हुलकावणी

१८२० साली कोपनहेगनमध्ये हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांना दिसलं की तारेतून वीज वाहू लागली की जवळच्या होकायंत्राची सुई वळते. वीज आणि चुंबक यांचं काहीतरी नातं आहे, हे तेव्हा पक्कं कळलं. मग साहजिकच उलटा प्रश्न आला: विजेपासून चुंबकत्व निघतं, तर चुंबकापासून वीज का निघू नये? लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करणारे मायकेल फॅरेडे यांनी १८२२ सालीच आपल्या वहीत हे काम टिपून ठेवलं होतं. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता तिथलीच पुस्तकं वाचून शिकलेला माणूस. त्यांनी मधल्या वर्षांत पुन्हा पुन्हा प्रयोग केले. हाती काही लागलं नाही.

कारण सगळेच एका समजुतीत अडकले होते, आणि ती समजूत वेडगळ मुळीच नव्हती. तारेतून वीज वाहत असते तोवर तिच्याभोवती चुंबकत्व टिकून असतं. मग त्याच हिशेबाने, तारेजवळ चुंबक ठेवला आहे तोवर तारेत वीज वाहत राहायला हवी. लोकांनी चुंबक मोठे केले, तार लांब केली, वेढे वाढवले. सुई ढिम्म.

जिनिव्हाचे जाँ-दानिएल कोलाडोन यांची गोष्ट मला फार चटका लावते. १८२५ साली त्यांनी तारेचं वेटोळं केलं, बळकट चुंबक घेतला आणि त्या चुंबकाचा थेट परिणाम गॅल्व्हानोमीटरवर (तारेत वीज वाहते का हे सुईने दाखवणाऱ्या उपकरणावर) होऊ नये म्हणून ते उपकरण लांब तारा जोडून दुसऱ्या खोलीत ठेवलं. काळजी अगदी योग्य होती. पण चुंबक वेटोळ्यात सरकवायचा आणि मग चालत जाऊन सुई बघायची, असा तो क्रम. ते पोचेपर्यंत सुई हलून पुन्हा जागेवर आलेली असायची. त्या खोलीत एखादा मदतनीस नुसता उभा असता, तर शाळेच्या पुस्तकात आज कदाचित कोलाडोनचा नियम असता.

२९ ऑगस्ट १८३१. फॅरेडेंनी साधारण सहा इंच व्यासाचं मऊ लोखंडाचं जाडजूड कडं करून घेतलं होतं. कड्याच्या एका अंगाला तांब्याची एक तार गुंडाळली, दुसऱ्या अंगाला दुसरी. आजच्यासारखी लाखेचा थर दिलेली वाइंडिंग वायर तेव्हा मिळत नव्हती. वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि सुती कापड घालत घालत त्यांनी ते कडं भरलं. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कॉइल भरताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे किती चिकाटीचं काम होतं ते कळेल.

पहिल्या तारेला बॅटरी जोडली. दुसऱ्या तारेजवळच्या सुईने एक झटका खाल्ला, ती डोलली आणि मूळ जागी येऊन थांबली. बॅटरी जोडलेलीच होती, लोखंड चुंबक झालेलंच होतं, तरी सुई शांत. बॅटरी काढली, तर पुन्हा झटका. दुसरा कुणी म्हणाला असता, काहीतरी धक्का लागला असेल. फॅरेडे त्या झटक्याच्या मागे लागले. २३ सप्टेंबरला त्यांनी एका मित्राला लिहिलं, की आपल्या हाती काहीतरी चांगलं लागलंय असं वाटतं, पण एवढे कष्ट करून वर ओढल्यावर तो मासा न निघता पाण्यातलं गवतही निघू शकेल.

मासाच होता. १७ ऑक्टोबरला त्यांनी कागदाच्या नळीवर तारेचे वेढे दिले आणि चुंबकाची कांडी पटकन आत सारली. सुई हलली. कांडी आत तशीच राहू दिली, सुई परत आली. कांडी ओढून काढली, सुई उलट्या बाजूला हलली. आता बॅटरीही नव्हती, फक्त हात, चुंबक आणि तार. २४ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीपुढे हे काम वाचलं गेलं. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच सापडलं होतं, पण त्यांचं छापून यायला उशीर झाला.

माझ्या कॅरियरवरच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. वीज चुंबकातून पाझरत नसते. चुंबकत्व बदलत असतं तेवढा वेळच ती निर्माण होते. सायकल थांबली, चुंबक फिरायचा थांबला, बदल संपला, दिवा गेला.

बदलतं ते नेमकं काय?

शाळेत आपण चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरतो आणि तो रेषा-रेषांनी मांडला जातो. त्या बलरेषा. फॅरेडेंना गणित फारसं येत नव्हतं, त्यांनी सगळा विचार या रेषांच्या चित्रातून केला, आणि माझं मत विचाराल तर आजही समजून घ्यायला यापेक्षा चांगली वाट नाही.

पावसात पातेलं घेऊन उभे आहात असं समजा. पातेल्याचं तोंड आभाळाकडे असेल तर भरपूर थेंब आत पडतील. तिरपं केलंत तर कमी. आडवं धरलंत तर एकही नाही. पाऊस वाढला तरी आतल्या थेंबांची संख्या बदलेल, पातेलं मोठं घेतलं तरी बदलेल. पावसाच्या धारांच्या जागी बलरेषा आणि पातेल्याच्या तोंडाच्या जागी तारेचं वेटोळं ठेवा. वेटोळ्यातून आरपार जाणाऱ्या बलरेषांच्या या मापाला फ्लक्स म्हणतात. चुंबक जवळ आणा, दूर न्या, वेटोळं फिरवा, चुंबकाची ताकद कमी-जास्त करा: कशानेही हा फ्लक्स बदलला की वेटोळ्यात विद्युतदाब तयार होतो. यालाच पुस्तकात विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

आणि किती दाब? फ्लक्स किती आहे यावर ते अजिबात ठरत नाही. तो किती झपाट्याने बदलतो यावर ठरतं. फ्लक्समधला बदल घ्या, त्याला लागलेल्या सेकंदांनी भागा, वेढ्यांच्या संख्येने गुणा, झाले व्होल्ट. समजा १००० वेढ्यांच्या वेटोळ्यातला फ्लक्स ०.००००३ वेबरने बदलला (वेबर हे फ्लक्सचं एकक). हे काम एक दशांश सेकंदात झालं तर ०.३ व्होल्ट मिळतील. तेच एक शतांश सेकंदात उरकलं तर ३ व्होल्ट. चुंबक तोच, तार तीच, दहापट घाई केली म्हणून दहापट दाब. उतारावर दिवा लख्ख का व्हायचा, ते इथे आहे.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. बोटाच्या जाडीची प्लास्टिकची नळी घ्या. तिच्यावर साधारण दोन सेंटिमीटर रुंदीत बारीक वाइंडिंग वायरचे हजारभर वेढे द्या. तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून दोन लाल एलईडींना जोडा, पण दोन्ही एलईडी एकमेकांच्या उलटे. नळी उभी धरा आणि बळकट निओडिमियम चुंबक वीसेक सेंटिमीटर वरून आत सोडा. तेवढ्या उंचीवरून पडताना त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास पोचतो, म्हणजे दोन सेंटिमीटरचं वेटोळं तो एक शतांश सेकंदात ओलांडतो. अंधाऱ्या खोलीत बघा: चुंबक आत शिरताना एक एलईडी लुकलुकतो, बाहेर पडताना दुसरा. एलईडी एकाच दिशेची वीज स्वीकारतो, त्यामुळे येताना आणि जाताना वीज उलटसुलट वाहते हे डोळ्यांना दिसतं. घरात येणाऱ्या विजेला एसी (अल्टरनेटिंग करंट, म्हणजे आळीपाळीने उलटसुलट वाहणारी वीज) म्हणतात ते याच येरझाऱ्यांमुळे.

एक प्रश्न मात्र मला बरीच वर्षं छळत होता. चुंबक तारेला शिवत नाही, मग तारेतल्या इलेक्ट्रॉनला ढकलतं कोण? पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६०च्या दशकात जी समीकरणं मांडली त्यांत उत्तर आहे. चुंबकीय क्षेत्र बदलतं तेव्हा त्याच्या भोवती, मोकळ्या जागेतसुद्धा, गोल-गोल फिरणारं विद्युतक्षेत्र उभं राहतं. भोवऱ्यासारखं. तार तिथे असो वा नसो, ते असतंच. तार ठेवली की तिच्यातले इलेक्ट्रॉन त्या भोवऱ्यात सापडतात आणि वाहू लागतात.

पण हे चुंबक हलवला तेव्हाचं. चुंबक स्थिर ठेवून तार हलवली तर? तेव्हा स्पष्टीकरण वेगळं द्यावं लागतं: हलत्या इलेक्ट्रॉनवर चुंबक बल लावतो. गंमत अशी की दोन्हीकडून येणारी वीज अगदी सारखीच. एकाच घटनेला दोन वेगळी कारणं का द्यायची, हे एका तरुणाला फार खटकलं. अल्बर्ट आइनस्टाइन यांचा १९०५ सालचा सापेक्षतेवरचा लेख प्रकाशाच्या वेगापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो चुंबक आणि तारेच्या याच उदाहरणापासून.

किंमत कोण मोजतं?

चुंबक फिरवायचा आणि फुकट वीज मिळवायची, असे व्हिडिओ मला आठवड्याला एखादा तरी येतो. एकदा धक्का दिला की चक्र आपोआप फिरत राहतं आणि बल्ब पेटतो. पाठवणारी माणसं प्रामाणिक असतात, बिल भरून दमलेली असतात, म्हणून मी प्रत्येकाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. उत्तर हाइनरिख लेंझ यांनी १८३४ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये देऊन ठेवलं आहे.

वेटोळ्यात वीज वाहू लागली की ते वेटोळं स्वतःच चुंबक बनतं. हा नवा चुंबक तुमच्या चुंबकाला मदत करतो की अडवतो? लेंझ यांचा नियम सांगतो: नेहमी अडवतो. आत ढकलायला गेलात तर बाहेर रेटतो, बाहेर काढायला गेलात तर आत खेचून धरतो. उलटं असतं तर चुंबकाला नुसतं बोट लावल्यावर तयार झालेल्या विजेनेच तो आणखी जोरात ओढला गेला असता, त्याने आणखी वीज, त्याने आणखी ओढ. शून्यातून ऊर्जा निघाली असती. निसर्गात असं होत नाही. त्या अडवणुकीवर मात करायला आपला हात जे काम करतो, तेच काम वीज होऊन दिव्यात जातं. चुंबक यात खर्च होत नाही. खर्च होतो तो हात.

डायनामो लावल्यावर पायडल जड व्हायचं ते यामुळे. अर्थात टायरवर घासणाऱ्या डोक्याचं घर्षणही त्यात मोठं असतं, सगळा भार लेंझच्या नावावर टाकायला नको. निखळ लेंझ पाहायचा तर जाड भिंतीचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पाइप घ्या. या दोन्ही धातूंना चुंबक चिकटत नाही, हे आधी तपासून बघा. मग निओडिमियम चुंबक त्यातून सोडा. एक मीटर उंचीवरून एखादी वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येते. हा चुंबक मात्र मधात पडल्यासारखा सावकाश, कित्येक सेकंद घेत उतरतो. पाइपच्या भिंतीत त्याच्या पडण्यामुळेच गोल-गोल प्रवाह तयार होतात आणि तेच त्याला अडवतात. मुलांना हे दाखवा. ती पाइपच्या आत डोकावून बघतात, चुंबक कशाला चिकटलाय का ते शोधतात आणि पुन्हा पुन्हा सोडायला लावतात.

जुना वीजमीटर आठवतो? काचेआड फिरणारी चकती, कडेला एक काळी किंवा लाल खूण. ती चकती ॲल्युमिनियमची असायची आणि तिला कुठलीही तार जोडलेली नसायची. दोन वेटोळ्यांच्या बदलत्या चुंबकत्वाने तिच्यात प्रवाह तयार व्हायचे आणि ती फिरायची. बाजूला बसवलेला एक कायमचा चुंबक लेंझच्या नियमाने तिला ब्रेक लावायचा. या दोघांच्या ओढाताणीतून चकतीचा वेग घरातल्या वापराच्या बरोबर प्रमाणात राहायचा.

आता हेच मोठ्या मापात बघा. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. शिवसागराचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं आणि जनित्रं फिरवतं. जनित्रात आतला भाग चुंबक असतो आणि बाहेरची वेटोळी स्थिर, थेट सायकलच्या डायनामोसारखंच. कारण सरळ आहे: प्रचंड वीज बाहेर काढायची आहे, ती फिरत्या भागातून काढण्यापेक्षा स्थिर भागातून काढणं सोपं. औष्णिक केंद्रातला दोन ध्रुवांचा चुंबक मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या विजेची ५० हर्ट्झ वारंवारता ही तीच.

संध्याकाळी लाखो घरांत दिवे, पंखे, एसी लागतात. वेटोळ्यांतली वीज वाढते आणि लेंझच्या नियमाने तिची अडवणूकही वाढते. फिरते चुंबक खरोखर जड होतात, किंचित मंदावतात, आणि वारंवारता ५०च्या खाली घसरू लागते. मग झडपा आपोआप जास्त उघडतात, जास्त वाफ, जास्त पाणी. पाण्याची जनित्रं काही मिनिटांत सुरू करता येतात, म्हणून अशा वेळी कोयनेवर भिस्त असते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची (७,६५,००० व्होल्टची) लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, बाकी देशाच्या तालात आली. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी ग्रिडला जोडलेली सगळी जनित्रं एकाच ठेक्यावर फिरतात. तुम्ही पुण्यात गीझर लावलात तर त्याचा अगदी इवलासा भार त्या सगळ्यांच्या खांद्यावर पडतो.

पाटीवरचे १४४०

विहिरीवरच्या किंवा गिरणीतल्या तीन फेजच्या मोटारीची पाटी वाचा. आरपीएमच्या (मिनिटाला किती फेऱ्या) पुढे बहुधा १४४० किंवा २८८० च्या जवळपासचा आकडा असेल. ५० हर्ट्झच्या हिशेबाने तर चार ध्रुवांच्या मोटारीला १५०० आणि दोन ध्रुवांच्या मोटारीला ३००० यायला हवा. हे साठ आणि एकशेवीस फेरे गेले कुठे?

या मोटारीच्या फिरत्या भागाला, रोटरला, बाहेरून वीज दिलेलीच नसते. बाहेरच्या वाइंडिंगमध्ये तीन फेज एकामागून एक चढउतरतात, त्यामुळे आत एक अदृश्य चुंबक मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असल्यासारखं क्षेत्र तयार होतं. त्या बदलाने रोटरमधल्या ॲल्युमिनियमच्या कांड्यांत वीज निर्माण होते आणि लेंझच्या नियमाप्रमाणे रोटर तो बदल कमी करायला बघतो. कमी करायचा एकच मार्ग, त्या क्षेत्राच्या मागे धावणं. पण रोटरने ते क्षेत्र गाठलं तर? दोघांचा वेग सारखा, म्हणजे रोटरच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. बदल नाही तर वीज नाही, वीज नाही तर जोर नाही. म्हणून भार ओढणारा रोटर कायम थोडा मागेच राहतो. ते मागे राहिलेले साठ फेरे हीच त्याची ताकद. भौतिकशास्त्राचा नियम इतक्या उघडपणे पत्र्याच्या पाटीवर कोरलेला मला दुसरीकडे दिसला नाही.

मोटार का जळते, तेही यातूनच कळतं. पंपात गाळ अडकला, किंवा एक फेज गेला आणि मोटार नुसती गुरगुरत जागच्या जागी थांबली, की रोटर आणि क्षेत्र यांच्या वेगातला फरक सर्वांत जास्त होतो. मग वाइंडिंगमधून नेहमीच्या पाच-सहा पट वीज वाहू लागते. उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सहापट वीज झाली की छत्तीस पट. सुरू होतानाही एवढी वीज लागते, पण ती काही क्षणच. स्टार्टरमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर काढून टाकून मोटार चालवणाऱ्या शेतकऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, की ती छोटी पेटी तुमच्या वाइंडिंगचा विमा आहे.

गावची डीपी

फॅरेडेंचं ते लोखंडी कडं आज प्रत्येक गावाबाहेर दोन खांबांवर चढून बसलं आहे. कागदोपत्री त्याला रोहित्र म्हणतात, गावात म्हणतात डीपी. तेलाच्या टाकीत लोखंडाचा गाभा, त्यावर एक गुंडाळी ११,००० व्होल्टची, दुसरी २५० व्होल्टची. वेढ्यांचं प्रमाण ४४ ला १. दोन्हींतला फ्लक्स एकच आणि बदलण्याची गती एकच, म्हणून प्रत्येक वेढ्यावर दाबही सारखाच. ज्या गुंडाळीत वेढे कमी तिथे व्होल्ट कमी.

आधी एवढा दाब चढवायचा कशाला? कारण तारेत वाया जाणारी उष्णता विजेच्या प्रवाहावर अवलंबून असते. तीच शक्ती दहापट दाबाने पाठवली तर प्रवाह एक दशांश होतो आणि नुकसान शंभरावा भाग. म्हणून वीजघरातून निघताना दाब चढवायचा, गावाशी आल्यावर उतरवायचा. आणि रोहित्राला हे फक्त सतत बदलणाऱ्या विजेनेच साधतं. रोहित्राला बॅटरीची स्थिर वीज दिली तर फॅरेडेंच्या सुईसारखा एक झटका येईल आणि पुढे काही नाही. उलट अडवणारा दाबच नसल्याने गुंडाळी तापून जळेल. एसी वीज जगभर पसरली त्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

डीपीजवळून रात्री जाताना जी गुणगुण ऐकू येते, तीही बदलाचीच. लोखंड चुंबक होताना अगदी सूक्ष्म ताणलं जातं. विजेच्या एका आवर्तनात ते दोनदा चुंबक होतं, म्हणून तो सूर सेकंदाला १०० कंपनांचा. गाभा अखंड लोखंडाचा का नसतो, एकमेकांपासून विलग केलेल्या पातळ पत्र्यांचा का असतो? पाइपमध्ये चुंबकाला अडवणारे ते गोल प्रवाह गाभ्यात तयार झाले तर तो भट्टीसारखा तापेल. पत्रे त्यांची वाट तोडतात.

इंडक्शन शेगडीत मात्र तेच प्रवाह हवे असतात. काचेखालच्या वेटोळ्यात वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होते आणि भांड्याच्या बुडात प्रवाह उसळतात. लोखंडात ते पृष्ठभागालगतच्या पातळ थरात कोंडले जातात आणि कोंडल्यामुळे बूड झपाट्याने तापतं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ते सहज वाहून जातात, पुरेशी उष्णता होत नाही, आणि शेगडी भांडं ओळखतच नाही. भांडं घेताना बुडाला चुंबक लावून बघायचा, चिकटला तर घ्यायचं. बिडाचा तवा छान चालतो.

कुलाब्याच्या सुया

आतापर्यंतची वेटोळी हातात मावणारी किंवा खांबावर बसणारी होती. पण फॅरेडेंच्या नियमात आकाराची मर्यादा कुठेच नाही. पृथ्वी स्वतः चुंबक आहे आणि सूर्यावर मोठा उद्रेक झाला की तिचं क्षेत्र काही मिनिटांत, तासांत थरथरतं. तो बदल तसा संथ. पण शेकडो किलोमीटर लांबीच्या तारा आणि त्यांना दोन्ही टोकांनी जोडणारी जमीन मिळून जे वेटोळं होतं, त्याचं तोंड इतकं प्रचंड असतं की संथ बदलही पुरतो.

१ आणि २ सप्टेंबर १८५९ला असंच चुंबकीय वादळ आलं. अमेरिकेत बॉस्टन ते पोर्टलंड या टेलिग्राफच्या तारेवरच्या कर्मचाऱ्यांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या त्या आयत्या आलेल्या विजेवर संदेश पाठवले. त्या वादळाची जगातली सर्वांत मोलाची नोंद मुंबईतली आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. त्या दिवशी तिथल्या उपकरणांनी सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण टिपली (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). वादळ किती मोठं होतं हे ठरवताना शास्त्रज्ञ आजही कुलाब्याचे ते आकडे काढतात. १३ मार्च १९८९ला कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात त्याहून लहान वादळाने रोहित्रांत नको ती वीज घुसवली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात बसले.

कुलाब्याच्या मोजमापांवर पुढे संकट आलं ते सूर्याकडून नव्हे. मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायच्या ठरल्या. ट्रामची वीज तारेतून यायची आणि रुळांतून, जमिनीतून परत जायची. गाडी निघाली, थांबली की ती कमी-जास्त व्हायची, आणि तिच्यासोबत आसपासचं चुंबकत्वही. नाजूक सुयांना हा गोंगाट सोसला नसता. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबाग निवडलं. चुंबकत्व नसलेला दगड वापरून, लोखंड टाळून तिथे इमारत उभी केली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुनी आणि नवी नोंद एकमेकींना नेमकी जोडता यावी आणि मालिकेत खंड पडू नये. विजेची पहिली ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. शेवटची ३१ मार्च १९६४ला. अलिबागची नोंद अजून चालू आहे.